एका वेळी एकच उणीव बाळगा

आपत्ती सगळ्यांना सारखंच लेखते, हे तुम्ही ऐकलं असेलच. खरंच आहे ते. पुराचं पाणी दाराशी येऊन कुणाचा रंग, जात, पगार विचारत बसत नाही. कुणाचं दार नाल्याकाठी आणि कुणाचं टेकडीवर, हे आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

तेव्हा जीव वाचवायचा तर एक पथ्य पाळा: एका वेळी एकच उणीव बाळगा. गरीब असाल तर निदान पुरुष व्हा. 1991 च्या चक्रीवादळाने बांगलादेशात सुमारे 1,38,000 माणसं नेली, आणि पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त नेल्या. घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय निवाऱ्यात जायचं कसं, म्हणून कित्येकजणी थांबल्या. कडेवर मूल, पोहणं कुणी शिकवलेलं नाही. पाणी परवानगीसाठी थांबत नसतं, एवढं तरी कळायला नको?

म्हातारं व्हायचंच असेल तर ऐपत जमवून व्हा. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत वृद्ध, गरीब, एकटे राहणारे पुष्कळ. चोरांच्या भीतीने खिडक्याही घट्ट लावलेल्या. म्हातारपण, गरिबी, एकटेपणा, वर वाईट वस्ती! इतकं सगळं एकदम घ्यायचं म्हणजे निव्वळ हव्यास.

घर भाड्याने घेताना जुने नकाशे पाहून घ्या. अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, म्हणजे तिथे घरासाठी कर्ज देणं धोक्याचं. पुढे तिथे झाडं कमी आली, डांबर भरपूर आलं. आज यांतल्या बहुतेक वस्त्या आसपासच्या भागांपेक्षा जास्त तापतात. रंग अचूक निवडला होता म्हणायचा.

अपंगत्व तर टाळाच. 2011 च्या त्सुनामीत जपानमध्ये अपंगांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं. भोंग्याने मात्र कसलाही भेदभाव केला नाही. बहिऱ्यांसाठीही तो तेवढ्याच मोठ्याने वाजला.

एवढं करून वाचलातच, तर मदतीचा अर्ज भरा. सोबत राहत्या घराचा पुरावा जोडा. घर वाहून गेलं असल्यास, वाहून गेल्याचाही जोडा. भाडेकरूंनी घरमालकाची सही आणावी. घरमालक सापडेल, काळजी नको. तो टेकडीवर राहतो.