‘एक पुडी टाका, जमीन साफ’ या मेसेजवर थोडं बोलायचंय

तीन ग्रुपवर तोच मेसेज आलाय. मातीतल्या बॅक्टेरियाची एक पुडी टाका, सात दिवसांत सगळं ऑइल गायब, जमीन पुन्हा शेतीलायक, शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी 1971 मध्येच हा बॅक्टेरिया बनवला पण तेल कंपन्यांनी दडपला. एरवी सोडून दिलं असतं, पण भोसरीत आपल्या सोसायटीमागच्या प्लॉटवर गॅरेजवाल्याने वर्षानुवर्षं जळकं ऑइल ओतलंय आणि तिथे पुडी टाकून मेथी-पालक लावायचं चाललंय, म्हणून लिहितोय.

आधी दडपल्याचं बघू. चक्रवर्तींनी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत काम करताना स्यूडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाच्या वेगवेगळ्या जातींमधले गुण एकात आणले हे खरंय. पण त्याच्या पेटंटचा खटला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला, 1980 मध्ये 5 विरुद्ध 4 असा निकाल त्यांच्या बाजूने लागला, सगळ्या जगाने वाचला. याला दडपणं म्हणत नाहीत. तेलगळतीवर तो बॅक्टेरिया वापरला गेला नाही हे बरोबर, पण लॅबमध्ये बदललेला जीव उघड्यावर सोडायचा की नाही हा तेव्हा मोठाच प्रश्न होता.

पुडीबद्दल. आपल्याकडे टेरी या दिल्लीतल्या संशोधन संस्थेने ऑइलझॅपर म्हणून बॅक्टेरियाचं मिश्रण बनवलंय, मक्याच्या कणसाच्या भुशावर बसवलेलं, रिफायनरीच्या गाळावर वापरलंय, त्यामुळे पुडीच खोटी असं मी म्हणत नाहीये. पण नुसती टाकून भागत नाही. ऑइलमध्ये कार्बन भरपूर, नायट्रोजन-फॉस्फरस जवळजवळ नाहीच, त्यामुळे बॅक्टेरिया उपाशीच राहतात. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्देझ जहाजातून साधारण 4 कोटी लिटर क्रूड सांडलं तेव्हा बॅक्टेरियाकडून सफाई करून घ्यायला किनाऱ्यावर मुख्यतः खत टाकलं, खाणारे बॅक्टेरिया तिथे आधीपासूनच होते. आणि तरी खडी-गोट्यांखाली जिथे हवा पोचत नव्हती तिथलं ऑइल वीस वर्षांनीही सापडत होतं.

हवा, खरी अडचण हीच. ऑइल फोडायची पहिली पायरीच बॅक्टेरिया ऑक्सिजन वापरून करतात. आपल्या प्लॉटवर काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा ऑइल त्यातून खाली उतरतं आणि पावसात तीच माती फुगून भेगा बंद करते, मग खालच्या ऑइलला हवा कुठून मिळणार. म्हणून माती उकरून पसरायची, शेणखत-युरिया मिसळायचं, ओलसर ठेवायची पण चिखल नाही होऊ द्यायचा, आणि सारखी खालीवर करत राहायची. याला महिने लागतात, सात दिवसांत फार तर वास कमी होईल. तोही बराचसा हलका भाग उडून गेल्यामुळे. आधी सरळ साखळीवाले हायड्रोकार्बन (ऑइल ज्यांचं बनलेलं असतं ते रेणू) संपतात, कड्या-कड्यांचे जड राहतात, डांबरासारखा भाग तर राहतोच.

‘शेतीलायक’ यावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जळक्या ऑइलमध्ये इंजिन झिजून आलेले धातू असतात, जस्त असतं, कधी शिसं. धातू कुठलाही बॅक्टेरिया फोडू शकत नाही, फार तर त्याचं रूप बदलेल पण तो मातीतच राहणार. मुलं तिथलीच भाजी खाणार आहेत, प्लीज लॅबमधून माती तपासून घेतल्याशिवाय काही पेरू नका.

आणि ओतणं चालूच असेल तर हे सगळं फुकट. ते ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, ड्रममध्ये साठवून परवानाधारक रिसायकलरला द्यायचं असतं. गॅरेजवाल्या दादांशी मी बोलतो, रविवारी सकाळी कोण कोण येतंय सोबत?