सातारची गादी बेवारस नव्हती

साताऱ्यातच शिकणाऱ्या माझ्या भाचीने काल एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "मामा, हे खरंय का?" मजकूर असा: सातारचं राज्य इंग्रजांनीच दिलेलं, छत्रपती प्रतापसिंह महाराज पोर्तुगीजांशी कट करताना सापडले, पुढे वारस उरला नाही म्हणून १८४८ साली राज्य कायद्यानेच इंग्रजांकडे गेलं. सातारच्या पोरीला हे वाचून शंका यावी, याचा मला संताप आला.

वारस नव्हता? दोन दत्तक होते! इंग्रजांनी गादीवरून काढल्यावर प्रतापसिंहांनी काशीच्या नजरकैदेत शाहूंना दत्तक घेतलं. त्यांच्या जागी बसवलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मरणाच्या दिवशी, ५ एप्रिल १८४८ ला, व्यंकोजींना घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीची मंजुरी नव्हती, हे खरं. पण आप्पासाहेबांनी ती आधीच मागितली होती, मिळाली नाही. २५ सप्टेंबर १८१९ चा तह वाचा. महाराज, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांना राज्य कायमचं दिल्याचं त्यात लिहिलंय. आणि आपल्या धर्मशास्त्रात दत्तक हा वारसच. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनीही तहाच्या याच शब्दांवर बोट ठेवून राज्य खालसा करायला लेखी विरोध केला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो डावलला. खुद्द इंग्रज गव्हर्नरला जे तहाविरुद्ध वाटलं, ते आपण 'कायद्याने' म्हणून पुढे पाठवायचं?

कटाचं म्हणाल तर चौकशी गुप्त झाली, उघड खटला कधी चाललाच नाही. १८३९ मध्ये मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर कारनॅक साताऱ्यात आले आणि म्हणाले, कबुलीवर सही करा, गादी राहील. कट खरोखर सिद्ध झाला असता तर गादी देऊ केली असती का? महाराजांनी सही नाकारली, म्हणून पदच्युत झाले. याच महाराजांच्या कारभारावर खूश होऊन कंपनीच्या संचालकांनी १८३५ मध्ये त्यांच्यासाठी तलवार पाठवली होती.

राज्य इंग्रजांनी दिलं, एवढं अर्धं मान्य. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर त्यांनीच महाराजांना साताऱ्यात बसवलं. पण तह करून दिलं, उसनं नव्हे.

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांचं तर त्या मजकुरात नावही नाही. सातारच्या गादीसाठी ते १८४० ते १८५३ लंडनमध्ये अर्ज-विनंत्या करत राहिले. त्यांचा मुलगा सीताराम याला १८५७ मध्ये साताऱ्यातल्या गेंडामाळावर फाशी दिली. भाचीला म्हटलं, फॉरवर्ड पुसून टाक आणि त्या गेंडामाळावर जाऊन ये.