बाबा, तुम्ही फसलातच कसे?

दोन वर्षांपूर्वी बाबा फोनवर सहज म्हणाले की एफडीची मुदत संपली होती, ती परत ठेवली, यावेळी व्याज जास्त मिळणारे. मी इंग्लंडमध्ये कामाच्या गडबडीत, बरं म्हणलं आणि विसरून गेले. वर्षभरानं प्रीमियम भरायचा मेसेज आला तेव्हा कळलं की ती एफडी नव्हतीच, विमा पॉलिसी होती, आणि 'एकदाच भरायचे' म्हणून सांगितलेले पैसे दहा वर्षं दरवर्षी भरायचे होते, तेही पेन्शनवर जगणाऱ्या माणसानं. फॉर्मवर उत्पन्न भलतंच लिहिलेलं, बाबांचं अक्षर फक्त सहीपुरतं. नंतर कंपनीचा व्हेरिफिकेशनचा कॉल येतो ना, त्याचीही तयारी बँकेतल्या माणसानं आधीच करून ठेवली होती, काका, फॉर्मॅलिटी असते, सगळ्याला हो म्हणा.

आणि मी पहिला प्रश्न काय विचारला, तर बाबा, तुम्ही फसलातच कसे? ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

आपल्याकडं डिजिटल अरेस्टची, म्हणजे खोट्या पोलिसांनी फोनवर घाबरवून पैसे काढून घेतल्याची बातमी आली की दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे एवढे शिकलेले असून फसले कसे, आणि दुसरी, मुलं परदेशात जाऊन बसली, म्हातारे एकटे पडले, मग काय होणार. दुसरी मला लागते, कारण ती पूर्ण खोटी नाहीये. पण एका घरात राहणाऱ्या मुलानंच आईचं एटीएम कार्ड स्वतःकडं ठेवलंय, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय, फक्त ते घरातलं म्हणून कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही.

इथले, ब्रिटनमधले भामटे काही कमी नाहीत, म्हातारी माणसं इथंही रोज लुबाडली जातात. फरक आहे तो नंतर काय विचारलं जातं यात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की माणसानं फसून स्वतःच्या हातानं देशातल्या देशात पैसे ट्रान्सफर केले तरी ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकेनं करायची, आणि त्यातला निम्मा भार पैसे ज्या बँकेत गेले तिनं उचलायचा. मला हा दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मग चोराचं खातं उघडून देणाऱ्या बँकेलाही झळ बसते. आपल्याकडं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, तुमची चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही नाही, पण ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. घाबरवून काढून घेतलेला ओटीपी आणि निष्काळजीपणे दिलेला ओटीपी एकच कसा?

विम्यातल्या फसवणुकीचं तर मूळच कमिशनमध्ये आहे. ब्रिटननं २०१२ संपताना गुंतवणूक सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं. आपल्याकडं ज्या काउंटरवर एफडी मोडायची त्याच काउंटरवर पॉलिसी विकायचं टार्गेट असतं. २०२४ मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, पॉलिसी परत करायची मुदत ३० दिवस केली, चांगलंच केलं, पण बाबांची पॉलिसी ज्या ईमेलवर आली तो त्यांनी कधी उघडलाच नव्हता.

मला वाटतं, ज्येष्ठ माणसाची मोठी एफडी मोडून त्याच दिवशी पॉलिसी होत असेल तर तो व्यवहार आधी थांबवावा आणि त्या ज्येष्ठानं स्वतः नाव दिलेल्या माणसाला एक फोन जावा. अमेरिकेत शेअर ब्रोकर २०१८ पासून असा विश्वासातला माणूस विचारून ठेवतात. त्याला फोन करता येतो, पण तो पैशाला हात लावू शकत नाही.

हा हात न लावण्याचा मुद्दा मी चूक करूनच शिकले. त्या प्रकारानंतर मी बाबांचं नेट बँकिंग माझ्याकडं घेतलं, पासवर्ड बदलला, मला वाटलं मी त्यांना वाचवतेय. चार महिन्यांनी ते म्हणाले, "अगं, मित्राला पाच हजार द्यायचेत, तर मी आता तुझ्याकडं मागायचे का?" मी त्याच रात्री सगळं परत दिलं. परदेशातली आम्ही मुलं हे सर्रास करतो आणि त्याला काळजी म्हणतो, पण माणसाचा स्वतःच्या पैशावरचा हक्क काढून घेणं हेच तर तो बँकेतला माणूस पण करत होता.

कंपनीनं तक्रार फेटाळली, आता विमा लोकपालांकडं अर्ज केलाय. कंपनीनं उत्तरासोबत त्या व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग पाठवलं, ते आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर ऐकलं. बाई भराभर प्रश्न वाचतेय आणि बाबा दर प्रश्नाला हो, हो म्हणतायत, एका ठिकाणी जरा थांबले, 'दरवर्षी' असं काहीतरी विचारायला लागले आणि ती पुढचा प्रश्न वाचायला लागली. बाबांनी ते तेवढंच परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, "विचारलं होतं गं मी."