पायथागोरसला मध्ये आणू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हटकून येतो. 'शाळेने पायथागोरस शिकवला. टॅक्स भरायला, घर भाड्याने घ्यायला, पगाराची स्लिप वाचायला शिकवलं नाही.' त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग एखादे काका पुस्ती जोडतात, 'जर्मनीत बघा, हे सगळं शाळेतच शिकवतात.' आणि इथे जर्मनीत राहणाऱ्या आमच्यापैकी कुणाला तरी टॅग करून विचारतात, 'काय रे, बरोबर ना?'

नाही हो काका, बरोबर नाही.

जानेवारी 2015 मध्ये कोलोनच्या एका शाळकरी मुलीने ट्विटरवर लिहिलं होतं की मी अठराची होत आले, कर, भाडं, विमा यातलं मला काही कळत नाही, पण कवितेचं विश्लेषण मात्र करता येतं, तेही चार भाषांत. त्यावर देशभर रान उठलं, प्रकरण केंद्रीय शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेलं. म्हणजे तुमचा फॉरवर्ड इथे जर्मनमध्ये आधीच येऊन गेलाय, फक्त पायथागोरसच्या जागी कविता होती. बाडेन-व्युर्टेम्बर्गने 2016 च्या अभ्यासक्रमात अर्थव्यवहार आणि व्यवसाय-मार्गदर्शन असा वेगळा विषय आणला. पण सोळा राज्यांचे सोळा अभ्यासक्रम. कुठे तो स्वतंत्र विषय, कुठे नागरिकशास्त्राच्या शेपटीला बांधलेला. घरोघरी मातीच्या चुली.

खरी चीड वेगळ्या गोष्टीची आहे. महाराष्ट्रात हे शिकवलं जातं! बालभारतीचं नववीचं गणित भाग 1 उघडा. सहावं प्रकरण 'अर्थनियोजन': बचत, गुंतवणूक, आयकर. दहावीच्या भाग 1 मध्ये चौथं प्रकरण पुन्हा 'अर्थनियोजन': जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी. फॉरवर्ड पाठवणाऱ्याच्या घरातल्या दप्तरात ते पुस्तक असतं, आणि पायथागोरस भाग 2 मध्ये मुकाट्याने आपलं काम करत असतो. त्याने कुणाची जागा अडवलेली नाही.

मग बिनसतं कुठे? सरावसंचात. मुलं 'आयटीसी (खरेदीवर आधीच भरलेला कर) वजा करा' हे सूत्र पाठ करतात, उदाहरणाचे गुण घेतात आणि प्रकरण मिटतं. मेडिकलचं एक बिल वर्गात आणून त्यावरचा जीएसटी क्रमांक कुणी फोडून दाखवत नाही. पंधरा अक्षरांचा असतो तो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे दुकानदाराचा पॅन. हे एकदा कळलं की बिलावर कर लावून क्रमांकच न छापणारा दुकानदार लगेच ओळखू येतो. शिवाय दर बदलत राहतात. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, पण जुन्या पुस्तकातली उदाहरणं जुन्याच दरांनी सोडवली जातात. गणित सुटलं, बिल वाचायचं राहिलं.

पगाराचंही तेच. कॅम्पसमधून सहा लाखांचं पॅकेज मिळालं की घरात पेढे वाटतात आणि सगळे मनात सहा भागिले बारा करतात: पन्नास हजार. आता ते ऑफर लेटर नीट वाचू. समजा बेसिक महिना 25,000. कंपनीने भरायचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 3,000, तोही याच सहा लाखांत धरलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 1,200, तीही यातच. हातात येईल तेव्हा येईल. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, वर्षाला 60,000 असेल तर महिन्याचे 5,000 अधांतरी. राहिले जवळपास 40,800. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200. खात्यात आले साडेसदतीस हजार आणि थोडे सुटे, तेही आयकर शून्य धरून. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी येतात, कारण व्यवसाय कर त्या महिन्यात 300 असतो. 200 गुणिले अकरा अधिक 300, वर्षाचे 2,500. यात फसवणूक काहीच नाही, सगळं लिहिलेलंच आहे. पण साडेसदतीस हजार येणार हे माहीत नसताना बावीस हजारांचा फ्लॅट आणि बाइकचा हप्ता घेतला, की तिसऱ्या महिन्यात क्रेडिट कार्डाचं 'किमान देय' भरायची सवय लागते. तिथून माणूस लवकर उठत नाही.

भाड्याच्या घराचा करार म्हणजे तर अफवांचं माहेरघर. 'अकरा महिन्यांचा केला की रजिस्टर करावा लागत नाही' हे वाक्य पुण्यात एजंटपासून प्राध्यापकापर्यंत सगळे छातीठोकपणे सांगतात. ते येतं नोंदणी कायद्याच्या एका वर्षाच्या अटीवरून. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 लागू आहे: लीव्ह अँड लायसन्स करार किती का महिन्यांचा असेना, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड मालकाला. वाद झाला तर नोंदणी नसताना भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या मानल्या जातात, मालकाला त्या खोट्या ठरवाव्या लागतात. खर्च म्हणाल तर 15,000 भाडं, अकरा महिने, 50,000 परतीचं डिपॉझिट: मुद्रांक शुल्क पाव टक्का, सुमारे सव्वाचारशे रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. हजार-दीड हजार वाचवायला माणसं पन्नास हजार नोटरीच्या कागदावर टांगून ठेवतात.

आता इकडचं, कारण काका ते विचारणारच. इथे मुलगा शहाणा होतो तो शाळेमुळे नाही, कागद लवकर हातात पडतो म्हणून. तेरा पूर्ण झाली की पालकांच्या संमतीने दिवसाला दोन तास हलकं काम चालतं. मग कोणी जाहिरातीची पत्रकं टाकतं, कोणी शेजारच्यांची बाळं सांभाळतं. नववीच्या आसपास दोन-तीन आठवडे कुठल्या तरी सुताराकडे, दवाखान्यात नाहीतर ऑफिसात प्राक्टिकुम, म्हणजे कामाचा अनुभव घ्यायची उमेदवारी, करावं लागतं. कायदाही पोराला थोडा मोठा समजतो. आपल्याकडे अठराच्या आतल्याने केलेला करार मुळातच शून्य, ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये तसं ठरवून टाकलंय. इथे सात ते अठरामध्ये एक पायरी आहे: पॉकेटमनीतून पूर्ण पैसे देऊन घेतलेली वस्तू पक्की तुझी. सायकल दोनशे युरो रोख देऊन घेतली तर व्यवहार झाला. तीच हप्त्यांवर घेतली तर शेवटचा हप्ता जाईपर्यंत आईबापांच्या होकाराशिवाय करार लटकलेला. कर्ज म्हणजे काय, हे पोराला भाषणाशिवाय कळतं.

पण याच देशात आपली पंचविशीतली, इंजिनिअरिंग झालेली मुलं येऊन कशी आपटतात तेही ऐका. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे विद्यार्थी-व्हिसासाठी लागणाऱ्या बंद खात्यात, 11,904 युरो भरून येतात, महिन्याला 992 सुटतात, तिथवर सगळं पाठ असतं. मग कुणाच्या तरी खोलीत पोटभाडेकरू म्हणून शिरतात, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणीही वेळेत करतात, आणि पत्रपेटीवर नाव लावत नाहीत. इथे पोस्टमन खोली नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नाही, पत्र परत. त्या परत गेलेल्या पत्रात कर-ओळख क्रमांक असतो. तो नोकरी देणाऱ्या कंपनीला दिला नाही की नोकरी कर-वर्ग सहामध्ये जाते आणि पहिल्याच पगारातून करमुक्त मर्यादा न धरता कर कापला जातो. पोरगं ग्रुपवर लिहितं, 'जर्मनीत फार टॅक्स आहे.' टॅक्स नाही रे, स्टिकर नाही! कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मिळतो, चार वर्षं मागचाही. पण त्या महिन्याचं भाडं त्याच महिन्यात द्यायचं असतं.

कामाच्या तासांचीही अशीच गल्लत. मिनीजॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीची, कमाईची मर्यादा 1 जानेवारी 2026 पासून महिना 603 युरो आणि किमान वेतन तासाला 13.90, म्हणजे साधारण 43 तास. त्यापुढे वेर्कश्टुडंट, म्हणजे शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. हे विमा आणि पेन्शनचं गणित झालं. व्हिसाचं गणित वेगळं: वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस. दोन्ही नियम एकच समजले की एक पाळताना दुसरा मोडतो, आणि मोडल्याचं कळतं ते व्हिसा वाढवायला गेल्यावर. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटपेक्षा (हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसतं भाडं) जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यातच आहे. आपली मुलं ते एकरकमी देतात, तेही घर न बघता, वर आभार मानून.

सगळ्यात मजेशीर म्हणजे नोकरी सोडताना मिळणारं प्रशस्तिपत्र. 'त्यांनी आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं' असं वाचून मुलगी खूश होते, आईला पाठवते. तो काठावर पास असल्याचा शेरा आहे. 'पूर्ण समाधानाप्रमाणे' म्हणजे ठीकठाक, 'नेहमी पूर्ण समाधानाप्रमाणे' म्हणजे चांगलं, आणि त्याच 'पूर्ण'चं व्याकरणाला न पटणारं सर्वोच्च रूप आलं तर उत्तम. वाईट लिहायला कायद्याने अडचण, म्हणून सगळी प्रतवारी विशेषणांत. इथे त्या कोलोनच्या मुलीचं कवितेचं विश्लेषण उपयोगी पडतं, हे तिला त्या वयात कुणी सांगितलं नसावं.

तेव्हा काका, नवा विषय काढून काही होणार नाही. त्याचीही गाइडं निघतील, त्यालाही वीस गुणांची तोंडी लागेल. आहे तेच प्रकरण घ्या आणि वर्गात चार कागद आणा: एक खरी पगाराची स्लिप, एक नोंदवलेला भाडेकरार, एक फॉर्म 16, एक विजेचं बिल. नावं खोडा, आकडे राहू द्या. दोन तास बसवा. कुठली रक्कम कुठून आली, एवढंच शोधायला सांगा.

हे सगळं म्युनिक-बर्लिनमधून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे कळतं. आणि उंटावरच्यांचे स्वतःचे कागद कसे आहेत, तेही सांगायला हवं. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाचं भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यावं लागतं. 2003 मध्ये रिझर्व्ह बँकेने विद्यार्थ्यांबद्दलही हे स्पष्ट केलंय. इथल्या मराठी मंडळांत हळूच विचारा. अर्ध्याअधिक जणांचं गावच्या शाखेतलं खातं अजून साधंच निघेल. अज्ञान म्हणावं तर ही माणसं जर्मन कर-विवरणपत्र स्वतः भरतात. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि वर सेस कापतात, ते एक कारण. पण तेवढंच नाही. तो फॉर्म भरताना 'अनिवासी' या चौकोनात स्वतःच्या हाताने खूण करावी लागते. परकीय चलन कायद्याची व्याख्याही मोठी खवचट आहे: दिवस मोजून तिचं समाधान होत नाही, ती हेतू विचारते. भारताबाहेर 'अनिश्चित काळ' राहायचा इरादा आहे का?

घरी फोनवर आम्ही अजून 'दोन वर्षं' असंच सांगतो. ग्रुपवर काकांनाही तेच सांगितलंय, तेव्हा खातं तूर्त आहे तसंच आहे.