काटामारी

ऑपरेशनला तीन आठवडे झालेत आणि सध्या माझ्याकडे तीन वजनं आहेत. घरच्या काट्यावर १०५.४, डाएटिशियनच्या काट्यावर १०७.१ आणि चर्नी रोड स्टेशनबाहेर काटा घेऊन बसणाऱ्या आजोबांकडे १०२. ऑपरेशनच्या दिवशी ११६ होतं. त्याबद्दल मी कधी कुणाशी वाद घातला नाही.

ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह, वजन उतरवण्यासाठी करतात ते. दुर्बिणीतून पोटाच्या पिशवीचा जवळजवळ पाऊण भाग कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न, "काढलेल्या पिशवीचं वजन वजा धरलं का गं त्यांनी?" पुढचे दोन आठवडे वरणाचं गाळलेलं पाणी, ताक आणि ओल्या खडूसारखी लागणारी प्रोटीन पावडर. एवढं सोसल्यावर माणसाला निदान आकडा तरी धड मिळावा की नाही?

सकाळी चहाआधी, गाऊनवर, चष्मा-बांगड्या-पिना काढून मी काट्यावर चढते. एकदा मंगळसूत्रही काढलं. सासूबाईंनी देवासमोरून मान वळवून नुसतं पाहिलं. मग ह्यांनी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं: काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या टप्प्यानेच बोलतो. माझं चौदा ग्रॅमचं मंगळसूत्र त्याच्या खिजगणतीतही नव्हतं.

आमची इमारत गिरगावातली, जुनी. शहाबादी फरशी जागोजागी खचलेली. काट्याच्या चारही पायांत वजन मोजणारे सेन्सर असतात, एखादा पाय नीट टेकला नाही की आकडा बदलतो. मोरीच्या दाराशी १०५.४, कपाटापुढे १०५.९, खिडकीखालच्या तिसऱ्या फरशीवर १०३.८. ही तिसरी फरशी मला फार आवडली. चार दिवस मी तिथेच सुखात होते. पाचव्या दिवशी ह्यांनी मोरीच्या दाराशी खडूने चौकोन आखला आणि म्हणाले, "यापुढे इथेच."

डाएटिशियनकडे मी दुपारी बाराला जाते. साडी-परकर अंगावर, पोटात सकाळपासून घोट घोट प्यायलेलं पाणी. लिटरभर पाणी म्हणजे सरळ एक किलो, त्यात काही दडत नाही. हे सगळं मी तिला समजावत होते, तर ती म्हणाली, "ताई, काटा एकच धरा, वेळ एकच धरा आणि आठवड्यातून एकदाच बघा." आठवड्यातून एकदा! मी दिवसातून सहा वेळा बघत होते.

आणि तिसऱ्या आठवड्यात काटा गोठला. सहा दिवस १०५.४, सातव्या दिवशी ३०० ग्रॅम वरच. डाएटिशियनच्या मते हे होतंच. सुरुवातीला शरीरातली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी भराभर जातं, मग शरीर जरा दम खातं. मी निदान केलं, काटा बिघडला. घरात जाहीर केलं, "हा जास्त दाखवतो." सेल बदलले. तरी तेच. म्हणून त्या आजोबांकडे गेले. त्यांचा जुना सुईचा काटा पेव्हर ब्लॉकवर तिरका ठेवलेला, आणि सुई मी चढण्याआधीच शून्याच्या दोन रेघा मागे. ते मला दिसलं होतं. पण पाच रुपयांत १०२! मी दहाची नोट दिली आणि सुटे मागितले नाहीत.

काल रद्दीवाला आला. गठ्ठा लटकवला, म्हणाला, "अकरा किलो." माझं डोकंच फिरलं. आतून काटा आणला, खडूच्या चौकोनात ठेवला, वर गठ्ठा. १४.२. "बघ! तीन किलो काटा मारतोस? हा घरचा काटा आहे, ग्रॅमचा फरक नाही यात!"

तो बिचारा पैसे मोजायला लागला. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज, "अगं, पण हा जास्त दाखवतो ना?"

रद्दीवाल्याने मोजलेल्या नोटा परत खिशात घातल्या.