वॅगन आरचं कोल्ड ले-अप

नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या पट्ट्यात डोळे मिटून दगड मारला तर तो एकतर फ्लेमिंगोला लागेल नाहीतर जहाजावरच्या माणसाला. आमचे साडू दुसऱ्या प्रकारातले. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर. काही महिने समुद्रावर, काही महिने घरी, आणि घरी असले की सोसायटीच्या पंपापासून आमच्या मिक्सरपर्यंत सगळ्याला कान लावून "बेअरिंग गेलंय" असं सांगत फिरणार. बरं, खरंच गेलेलं असतं, हा जास्त त्रास.

यावेळी ते ताईंनाही (माझी मोठी मेहुणी, बायको ताई म्हणते म्हणून मीपण ताईच म्हणतो) जहाजावर सोबत घेऊन निघाले. मेच्या शेवटी जाणार, ऑक्टोबरात येणार, म्हणजे अख्खा पावसाळा फ्लॅट बंद आणि खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, त्यांची वॅगन आर एकटी. आणि त्याच सोसायटीत, बाजूच्याच विंगमध्ये, घरून काम करणारा आणि बायकोच्या माहेरच्यांना नाही म्हणता न येणारा एक माणूस आयता उपलब्ध.

आता गाडी उभी करून ठेवायची यात करायचं काय असतं? चावी घ्यायची, खिळ्याला अडकवायची, कोणी विचारलं तर "साडूंची आहे" म्हणायचं. पण साडूंनी मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "हॉट ले-अप करायचं की कोल्ड?"

तर ही जहाजांची भानगड आहे. जहाजाला काम नसलं की ते उभं करून ठेवतात, त्याला ले-अप. हॉट ले-अप म्हणजे थोडी माणसं वर ठेवून मशिनरी चालू ठेवायची, बोलावणं आलं की लवकर निघता येतं. कोल्ड म्हणजे सगळं बंद, राखणीपुरती माणसं ठेवून बाकी सगळे घरी, आणि परत सुरू करायला मग आठवडेच्या आठवडे घाम गाळायचा.

"वॅगन आरमध्ये हॉट म्हणजे काय?" मी.

"आठवड्यातून एकदा अर्धा तास नीट चालवायची. इंजिन पूर्ण गरम झालं पाहिजे."

मला हा पर्याय मनापासून आवडला. पाम बीच रोड इथेच आहे, रविवारी सकाळी वाशीपर्यंत जायचं, तिथे इडली खायची, परत यायचं, गाडीच्या तब्येतीसाठी एवढं तर केलंच पाहिजे. माझा चेहरा उजळलेला साडूंनी बघितला असावा.

"कोल्ड करू," ते म्हणाले.

ही बातमी सोसायटीत पसरली आणि खाली गेलं की कोणीतरी थांबवायला लागलं. सगळ्यांचा सल्ला एकच, रोज सकाळी फक्त पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा, माझ्या मामांची गाडी अशीच टिकली वगैरे. साडूंसमोर हे कोणी बोललं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. कारण पाच मिनिटांत इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जळून जी वाफ होते तिचं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं आणि आतून गंज, शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरेलच असं नाही. म्हणजे रोज थोडी थोडी गाडी मारायची आणि वर काळजी घेतली म्हणायचं. हे त्यांनी सेक्रेटरींना लिफ्टमध्ये समजावलं. लिफ्ट सातव्या मजल्यावर जाऊन परत खाली आली तरी सेक्रेटरी आतच.

मग तयारी. पहिले कागद. इन्शुरन्स मध्येच संपत होता तो आधीच रिन्यू केला, कारण संपल्यावर ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस गेला, आणि गाडी हलत नाही म्हणून इन्शुरन्सची तारीख काही थांबत नाही. पीयूसी आल्यावर बघू. नवीन नंबर प्लेटचं मात्र काही बघावं लागलं नाही. गाडी २०१९च्या आधीची, एमएच-४३, आणि त्या प्लेटच्या, म्हणजे एचएसआरपीच्या, मुदतवाढी एवढ्या झाल्या की तारीख जाहीर झाली तरी लोक पुढच्या तारखेचीच वाट बघत होते. साडूंनी पहिल्याच मुदतीत लावून घेतली होती. असली माणसं असतात.

धुणं-पुसणं ताईंकडे होतं, आणि त्यात सीटखालून जे काही निघालं (शेंगदाणे, चिक्कीचा तुकडा, एक चकली, कुठल्या दिवाळीची ते विचारू नका) ते बघून साडू गंभीर झाले. एक दाणा राहिला तरी उंदीर येणार, एक ओला नॅपकिन राहिला तरी बुरशी येणार. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीची हवा अशी की कपाटातले चामडी बूट हिरवे होतात, तिथे बंद गाडीतलं स्टिअरिंग आणि सीटबेल्ट कसा सुटेल? म्हणून मॅट काढून वर नेल्या, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. बुटांच्या, पर्सच्या, औषधांच्या डब्यातल्या पुड्या ताईंनी वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. त्यांच्या या सवयीवर आजवर हसलेल्या सगळ्यांना त्या दिवशी गप्प बसावं लागलं.

पेट्रोलवर वाद झाला. माझं म्हणणं, उभ्या गाडीत कशाला पैसे ओता. साडूंचं म्हणणं टाकी फुल. टाकीत जेवढी रिकामी जागा तेवढी दमट हवा, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पैसे त्यांचे होते त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटलं. पंपावर हवापण नेहमीपेक्षा चार-पाच पॉइंट जास्त भरून घेतली, कारण महिनोन्महिने एकाच जागी वजन पडलं की टायर खालून चपटा व्हायला लागतो. हवावाला पोरगा म्हणाला, "सर लांब चाललात वाटतं." साडू म्हणाले, "गाडी कुठेच जात नाहीये." त्याने एकदा टायरकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि पुढच्या गाडीकडे गेला.

बॅटरी काढायचा मान मला मिळाला. दहा नंबरचा पाना. आधी मायनस. साडू मागे हात बांधून उभे. का आधी मायनस, तर अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते, प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर ठिणगी, मायनस आधी सुटलेला असला की लागला तरी काही नाही. लावताना उलटं, आधी प्लस. हे त्यांनी मला म्हणायला लावलं. मोठ्याने. वॉचमन ऐकत होता, तोही पाठ करून बसला आणि नंतर महिनाभर मी दिसलो की "सर, निकालते टाईम पैले मायनस" असा सलाम ठोकायचा. बॅटरी आमच्या गॅलरीत आली, तुळशीच्या बाजूला, लाकडी पाटावर. फुल चार्ज म्हणजे १२.६ व्होल्टच्या आसपास, १२.४च्या खाली गेली की चार्जर लावायचा, उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती कामातून जाते. मल्टिमीटर साडूंनीच दिला. आमच्या कामवाल्या मावशींनी पाटावरची ती वस्तू, लाल-काळ्या वायरी आणि शेजारची उदबत्ती बघून बाहेरूनच हात जोडले.

हँडब्रेक ओढायचा नाही. हे ऐकून मीपण दचकलो होतो, पण दमट हवेत हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात, मग गाडी हलवताना चाक फिरतच नाही. त्याऐवजी फर्स्ट गिअर आणि चाकांना पुढून-मागून विटा. विटा बी विंगच्या रिनोव्हेशनमधून आणल्या. वायपर उचलून ठेवले. सायलेन्सरच्या तोंडात जाळी खुपसली आणि तिला लाल फडकं बांधलं, म्हणजे काढायचं विसरायला नको. बॉनेटखाली तंबाखूची पानं पिशवीत घालून टांगली, हा आमच्या मेकॅनिकचा उपाय, उंदीर वासाने येत नाही म्हणे. साडूंचा तंबाखूवर विश्वास नव्हता पण माणसाने सगळे उपाय करावेत असं त्यांचं मत. वर कव्हर, तेसुद्धा हवा खेळणारं, प्लॅस्टिकचं नाही, नाहीतर आत घाम येतो.

आणि शेवटी वही. लांबडी, पुठ्ठ्याची, आत पट्टीने रेघा मारलेल्या. तारीख, वेळ, टायर, कव्हर, खाली गळती, उंदीर, व्होल्टेज, शेरा, सही. "लॉगबुक," साडू म्हणाले. "काही झालं नाही तर 'काही झालं नाही' असं लिहायचं. कोरं सोडायचं नाही." मग भरतीचं कोष्टक काढून साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखांना लाल गोल केले. सिडकोने पाणी साठवायला होल्डिंग पाँड बांधलेत हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी कुठे जाणार हा त्यांचा प्रश्न, आणि स्टिल्टचा स्लोप आमच्याच स्लॉटकडे होता हे त्यांनी लेव्हल लावून बघितलं होतं. लाल गोलाच्या दिवशी मी छत्री घेऊन खाली उभा. पाणी काही आलं नाही. शेरा: पाणी आलं नाही.

पण माझं मत विचाराल तर बंद गाडीला धोका पाण्याचा नाही, उंदराचापण नाही. माणसांचा आहे. चालती गाडी एका माणसाची असते, आणि ती महिनाभर हलली नाही की सगळ्यांची होते. कव्हरवर ओल्या छत्र्या वाळत पडायला लागल्या. एक सायकल टेकून उभी राहिली आणि मग तिथेच राहायला आली. पोरांचा ऑफ स्टंप आमचा मागचा बंपर. कुरिअरवाले बॉनेटवर पार्सलं मांडून नावं वाचत बसायचे. मामेसासरे फोन करून म्हणाले, "चावी तुमच्याकडेच ना? नाही, सहज, लोणावळ्याला जायचं होतं." बॅटरी गॅलरीत आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग लावा की." तेव्हा मला कोल्ड ले-अपचा खरा फायदा कळला.

एकच भाडेकरू उपयोगाचा निघाला, एक भुरी मांजर. कव्हरवर दिवसभर झोपायची. ती आल्यापासून उंदराच्या रकान्यात रोज "नाही" आणि शेऱ्यात "मांजर हजर". तंबाखूच्या पानांनी काही केलं की नाही ते मांजरीलाच माहीत.

आणि मग ऑगस्टमध्ये सेक्रेटरींचा मेसेज आला की गणपतीचा मंडप यंदा स्टिल्टमध्ये ए विंगच्या बाजूला, सर्वांनी आपापली वाहनं हलवावीत. आपापली! माझ्या वाहनाला बॅटरी नाही, चाकांखाली विटा, सायलेन्सरमध्ये जाळी. मी साडूंना मेसेज टाकला, तो एकाच टिकवर अडकला, जहाज कुठल्यातरी समुद्रात मध्यावर. म्हटलं बॅटरी आणून लावू, तर सेक्रेटरी म्हणाले कशाला, पोरं आहेत की. ढोलपथकाची प्रॅक्टिस संपवून दहा-बारा जण आलेच होते. विटा काढल्या, मी आत बसलो, चावी फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवलं, गिअर न्यूट्रल केला, आणि मागून "गणपती बाप्पा..." आणि गाडी निघाली.

इंजिन बंद असताना गाडी कशी असते हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. पॉवर स्टिअरिंगला पॉवर नाही, ते फिरवायला दोन्ही खांदे लागतात. ब्रेकचा व्हॅक्यूम केव्हाच गेलेला, पेडल दगड. मी जीव खाऊन दाबतोय, मागे पोरांना "मोरया"चा जोर चढलाय, समोर मूर्तीसाठी आणलेला पाट आणि तो धरून उभे खजिनदार. "थांबवा" म्हणून मी ओरडलो ते ढोलाच्या मूडमध्ये कोणाला ऐकू जाणार, शेवटी खजिनदारांनीच पाट टाकला आणि बॉनेटवर दोन हात ठेवले. गाडी थांबली. हेडलाइटपासून पाटापर्यंत वीतभर अंतर असेल. मांजर या सगळ्यात टपावरून उठली नव्हती.

रात्री लॉगबुकात लिहिलं: गाडी हलवली, वारा नाही, मनुष्यबळ भरपूर, टायर नवीन जागेवर टेकले. हे शेवटचं खरं तर साडूंनी दर महिन्याला करायला सांगितलं होतं, ते त्या दिवशी बाप्पांनी करून घेतलं. विसर्जनानंतर परत तसंच ढकलत मूळ जागी, फक्त तेव्हा खजिनदार आरतीचे हिशोब करायला वर बसले होते.

ऑक्टोबरात साडू आले. बॅग वर न नेता आधी खाली. जाळी काढली, बॅटरी लावली (आधी प्लस, वॉचमनने मोठ्याने सांगितलं), खाली वाकून तेल बघितलं, सेल्फ मारला, पहिल्याच फटक्यात सुरू. माझी छाती फुगली. साडूंनी मान हलवली आणि वही मागितली.

स्टिल्टमध्येच बॉनेटवर वही ठेवून त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ताई वर जाऊन चहा करून परत खाली आल्या तरी वाचन चालू. लाल पेन काढलं तेव्हा मी जरा मागे सरकलो.

"हे रोज 'मांजर हजर' काय लिहिलंय?"

"उंदीर का नाहीत त्याचं कारण आहे ते."

त्यांनी विचार केला. कव्हर निघाल्यामुळे चिडून बाजूच्या स्कूटरवर बसलेल्या मांजरीकडे बघितलं.

"मग ती क्रू झाली. क्रूची हजेरी शेऱ्यात टाकत नाहीत, वेगळं पान लागतं," ते म्हणाले आणि वही माझ्या हातात परत दिली. "आणि तिच्या जागी येणारा रिलीव्हर बघून ठेवा. जानेवारीत मी परत जातोय."