‘शंभर कामं मागा, दहा तरी मिळतील’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

ग्रामपंचायतींच्या गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. ग्रामसभेचा ठराव म्हणजे रद्दी, निधी आणतो तो नेता. शंभर कामं मागा म्हणजे दहा तरी मिळतील. आधी रस्ता करा, तो सगळ्यांना दिसतो. प्रत्येक वॉर्डाला सारखे पैसे द्या म्हणजे भांडण नाही. आणि मार्चच्या आत खर्च उरका, नाहीतर पैसे परत जातात. नव्या सरपंचांना, सदस्यांना हा अनुभवी माणसाचा सल्ला वाटतो. पण फाइल कोणत्या टेबलावरून कुठे जाते आणि कुठे अडकते हे पाहिलं, तर या सल्ल्याने गावाचा पैसा आणि वर्षं दोन्ही वाया जातात हे दिसतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘ठराव म्हणजे रद्दी, निधी नेता आणतो’

पैसा गावात एकाच दाराने येत नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी वेगळा. तिथे पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. ग्रामविकास विभागाचं २५१५ हे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं सदर, वेगळं. त्यातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं होतात. आमदारांचा स्थानिक विकास निधी तिसरा. चौथा वित्त आयोगाचा निधी, जो केंद्राचा असला तरी राज्यामार्फत पोचतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२५-२६ पर्यंत, महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना होता आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. २०२१-२२ पासून त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचे. या चौथ्या दारासाठी कोणाचंही पत्र लागत नाही. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढतो, आणि त्यात नसलेल्या कामावर खर्च टाकता येत नाही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे पंचायत विस्तार कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या, गावांना आदिवासी घटक कार्यक्रमातला ५ टक्के अबंध निधी मिळतो, त्याचंही नियोजन ग्रामसभेकडेच आहे.

बाकीच्या तीन दारांवर वजन चालतं, हे खरं आहे. मात्र आमदार काम सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सुचवलेल्या कामाचे कागद शेवटी गावालाच द्यावे लागतात: ठराव, जागेचा उतारा, रस्ता असेल तर नमुना २३ मधली (ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीतली) नोंद, हेच काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नाही असा दाखला, पूर्ण झाल्यावर देखभाल स्वीकारण्याची हमी. यातला एकही कागद नेता आणून देऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त कामं जागेवर अडतात. अंगणवाडीसाठी कोणीतरी तोंडी ‘घ्या तिथली दोन गुंठे’ म्हणतो, बक्षीसपत्र होत नाही, वर्षभरात वारस नकार देतात. गायरानावर स्मशानशेड धरलेली असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्जच गेलेला नसतो. रस्त्यांचंही तसंच. ३०५४ लेखाशीर्षाखाली ग्रामीण मार्ग घ्यायचा तर तो रस्ते विकास योजनेत हवा, त्याला ग्रा.मा. क्रमांक हवा. क्रमांक नसलेली शेतवाट त्या प्रस्तावात टाकली की ती तपासणीतच गळते. तिची वाट वेगळी आहे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली. कुठलं काम कुठल्या लेखाशीर्षात बसतं याची खूण प्राधान्ययादीतच असली पाहिजे.

‘शंभर मागा, दहा मिळतील’

हा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो गणितासारखा दिसतो. खरं गणित वेगळं आहे. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही योजनेत नवी कामं घेण्याआधी जुन्या मंजूर कामांची राहिलेली देणी, म्हणजे दायित्व, वजा करतात. उरलेल्या रकमेच्या साधारण दीडपट मर्यादेत नवी कामं मंजूर होतात. समजा एका योजनेला जिल्ह्यात १० कोटींचा नियतव्यय, म्हणजे वर्षासाठी ठरवून दिलेली रक्कम, आहे आणि दायित्व ६ कोटी. उरले ४, म्हणजे नव्या कामांना जागा ६ कोटींची. ही जागा सगळ्या तालुक्यांत वाटली जाते. एका गावाने शंभर कामं मागितल्याने ती एक रुपयानेही वाढत नाही.

उलट लांब यादीचा तोटा होतो. क्रम न लावलेल्या यादीतून निवड दुसरा कोणीतरी करतो. टेबलावरचा कर्मचारी ज्याचे कागद पूर्ण असतील ते उचलतो, शिफारस करणारा ज्याचं भूमिपूजन लवकर होईल ते उचलतो. गावाला तातडीची असलेली नळयोजनेची दुरुस्ती ६३ व्या क्रमांकावर राहते आणि सातव्या क्रमांकाची स्वागत कमान मंजूर होते. शिवाय वर ‘सगळ्यांना थोडं थोडं’ असं वाटप झालं की २० लाखांच्या कामाला ५ लाख मिळतात. एवढ्यात जेमतेम पाव गटार होते. अर्धवट गटार पाणी वाहून नेत नाही, ती जिथे संपते त्या घरासमोर साठवते. उरलेलं काम पुढच्या वर्षी दायित्व होतं आणि नव्या कामाची जागा खातं.

रकमेबद्दल एक गोष्ट ठरावाआधीच ध्यानात घ्यावी. शासकीय बांधकामावर १८ टक्के जीएसटी लागतो, कामगार कल्याण उपकर १ टक्का. म्हणजे १० लाखांच्या मंजुरीत प्रत्यक्ष काम साडेआठ लाखांच्या आतच असतं. अंदाजपत्रक न करता ‘१० लाखांचा रस्ता’ असा ठराव केला की लांबी कमी पडते आणि रस्ता शेवटच्या वस्तीच्या अलीकडे थांबतो.

पाच ते सात कामं, क्रमाने, कागदांसह. याहून लांब यादी पुढच्या वर्षाच्या आराखड्यात ठेवावी.

‘आधी रस्ता, तो सगळ्यांना दिसतो’

दिसतो, आणि पहिल्या पावसात त्याचे परिणामही दिसतात. गल्लीतल्या कामांचा क्रम ठरलेला आहे: आधी जलवाहिनी, मग गटार, शेवटी रस्ता. हा क्रम उलटा केला की काय होतं ते जवळून पाहू.

गल्लीत ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड काँक्रीट टाकलं. १०० मीटरला ४५ घनमीटर लागलं. खालचा थर धरून गल्लीची पातळी एक वीत वर आली. जुन्या घरांचे उंबरे आता रस्त्याच्या खाली. गटार नाही, त्यामुळे छपरांचं आणि न्हाणीचं पाणी उताराच्या घरात शिरतं. सहा महिन्यांनी नळयोजनेचा ठेकेदार येतो. त्याला वाहिनी साधारण तीन फूट खोल टाकायची आहे, म्हणून तो नवीन काँक्रीट कापतो. चर बुजवताना माती थरांनी ठोकून बसवली जात नाही, वर दोन इंचांचा लेप देतात. पावसाळ्यात चर खचतो, कडा तुटतात, आणि घरजोडणीसाठी प्रत्येक दारासमोर आणखी एक आडवा काप पडतो. रस्त्याचं देयक केव्हाच निघालेलं असतं. दुरुस्ती कोणाच्या खर्चात हा प्रश्न कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. जलजीवन मिशनच्या कामांत गावोगावी रस्ते असेच फुटले.

गटारीचाही स्वतःचा क्रम आहे: ती शेवटाकडून सुरू करायची असते. २०० मीटरला १ मीटर उतार धरला तर १०० मीटरच्या गटारीचं खालचं टोक ५० सेंटिमीटर खोल जातं. त्या टोकाला नाला, शोषखड्डा किंवा मोठी गटार नसेल तर काम मंजूर झालं तरी निरुपयोगी. म्हणून यादीत ‘वॉर्ड ३ मध्ये गटार’ असं न लिहिता आधी तिचं तोंड कुठे आहे ते लिहावं.

पाण्याच्या कामात टाकीआधी स्रोत येतो. जलजीवनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर. २,००० वस्तीला १ लाख १० हजार लिटर. विहीर किंवा बोअर तेवढं पाणी देते का याची चाचणी एप्रिल-मेमध्ये करायची असते. सप्टेंबरमधल्या चाचणीवर टाकी उभी राहते आणि मार्चपासून कोरडी पडते.

‘प्रत्येक वॉर्डाला सारखे पैसे’

हे न्याय्य वाटतं आणि भांडण टाळण्याचा हेतूही चांगला आहे. पण १५ लाख पाच वॉर्डांत वाटले की ३-३ लाखांत टाकी होत नाही, पूल होत नाही. पेव्हर ब्लॉक आणि बाकडी होतात. ज्या वॉर्डात आधीच सगळं आहे आणि ज्या वस्तीला नळच नाही त्यांना सारखं देणं म्हणजे समता नव्हे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांचा निधी तर त्या वस्तीतच खर्च व्हायला हवा. तो इतरत्र वळवला तर लेखापरीक्षणात वसुली निघते, आणि ती निघायलाच हवी. वॉर्डांची पाळी लावायची असेल तर ती वर्षांनुसार लावावी, एका कामाचे पैसे फोडून नव्हे.

‘मार्चमध्ये उरका, नाहीतर परत जातील’

अर्धं खरं आहे. राज्यस्तरीय यंत्रणांकडचा, उदाहरणार्थ सार्वजनिक बांधकाम विभागाकडचा, जिल्हा नियोजनचा निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. जिल्हा परिषदेला मात्र तो खर्चायला पुढचं आर्थिक वर्षही मिळतं. कोणत्या यंत्रणेकडे काम आहे हे न पाहता घाई केली की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काँक्रीट पडतं. त्या उन्हात त्याला किमान दोन आठवडे सतत ओल हवी. गावात टँकर सुरू झालेले असताना ओल कोण देणार? वरचा थर भुकटी होतो, दुसऱ्या वर्षी खडी उघडी पडते. निधी परत जाण्याचं मूळ कारण मार्चमध्ये नसतं, जुलै-ऑगस्टमध्ये न झालेल्या अंदाजपत्रकात असतं.

मग यादी कशी लावायची

ग्रामविकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. जिल्ह्याचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकार घेतो आणि राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत यादी चर्चेला यावी आणि ऑक्टोबरपर्यंत वरच्या तीन कामांची अंदाजपत्रकं हातात असावीत. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी असतील तेवढे लागतात. महिला सभा आधी घ्यावी. पाण्याची आणि शौचालयाची खरी माहिती तिथे मिळते.

प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारावेत. जागा निर्विवाद आहे का? त्याच्या आधी दुसरं काम व्हायला हवं का? एक वर्ष लांबलं तर कोणाचं काय बिघडेल? आणि चालवण्याचा खर्च कोण देणार? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ योजना बंद पडल्यात. ५ अश्वशक्तीचा पंप रोज ६ तास चालला तर महिन्याला निदान ६७० युनिट वीज लागते. पाणीपट्टीची वसुली त्या बिलाला पुरत नसेल तर नवीन टाकीपेक्षा गळती काढणं आणि मीटर बसवणं वरच्या क्रमांकावर यावं.

ठरावाची भाषा नेमकी हवी. ‘पाटलांच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत रस्ता’ असं लिहिण्याची सवय आहे, आणि तिथेच गफलत होते: तोच रस्ता दुसऱ्या योजनेत ‘शाळा ते मारुती मंदिर’ म्हणून येतो आणि एका कामाची दोन देयकं निघतात. त्याऐवजी नमुना २३ मधला अनुक्रमांक, सुरुवात आणि शेवटाचे अक्षांश-रेखांश, लांबी, रुंदी, आजची स्थिती, आणि तिथे याआधी कोणत्या वर्षी कोणत्या योजनेतून काम झालं, एवढं लिहावं. शाखा अभियंत्यासोबत जागेवर फेरी मारून हे तपशील भरले की अंदाजपत्रक लवकर आणि खरं होतं.

यादीत नसलेलं काम वरून मंजूर होऊन आलं तर? रागाने नाकारू नये आणि गुपचूप स्वीकारूही नये. कार्यारंभ आदेश निघण्याआधी, ज्यांनी शिफारस केली त्यांच्याकडे ग्रामसभेची क्रमवार यादी आणि पहिल्या कामाचं तयार अंदाजपत्रक घेऊन जावं व कामात बदल करण्याचं पत्र मागावं. त्याच लेखाशीर्षात बसणारं, तेवढ्याच रकमेचं, जागा मोकळी असलेलं काम समोर असेल तर असे बदल होतात. एकदा आदेश निघाला की बदलाचा रस्ता फार अवघड होतो, म्हणून मंजुरी यादी प्रसिद्ध झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) तिची प्रत आणून मासिक सभेपुढे ठेवावी.